पगार नाही, मग खातं कशाला?

सांगलीहून आठ महिन्यांपूर्वी जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या एका गावात राहायला गेलेल्या वाचक भगिनीचं हे पत्र. नवऱ्याला तिथे ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कामगारांच्या निवास परवान्यावर, नोकरी आहे, मुलगा तीन वर्षांचा. सांगलीत त्यांनी सहा वर्षं एका खासगी कंपनीत हिशेब सांभाळले. आता घरातला सगळा पैसा नवऱ्याच्या खात्यात येतो आणि त्या त्याचंच कार्ड, त्याचाच पिन वापरतात. कार्ड लावलं की नवऱ्याच्या मोबाईलवर सूचना वाजते आणि संध्याकाळी विचारणा होते, 'आज ४२ युरो कसले गं?' रागाने नाही, पण दरवेळी. स्वतःचं खातं काढू म्हटल्यावर तो म्हणाला, 'तुला पगार नाही, बँक देणार नाही. आणि दोन-दोन खात्यांची फी कशाला भरायची?' सासूबाई फोनवर म्हणाल्या, 'घर एक तर खातं एक.' एका शाखेत त्या स्वतः जाऊन आल्या, तर तिथेही 'उत्पन्न नाही, जमणार नाही' असं ऐकून परत आल्या. सांगलीच्या बँकेत आईसोबतच्या बचत खात्यात आणि मुदत ठेवीत त्यांचे साडेचार लाख तसेच पडून आहेत. त्या विचारतात, 'हा हट्ट सोडून देऊ का? नवऱ्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल का?'

*

ताई, 'हट्ट' हा शब्द आधी बाजूला ठेवू या. जर्मनीत पगार, मुलाचा भत्ता, मोबाईलचं बिल, पाळणाघराची फी, कराचा परतावा हे सगळं एका आयबान क्रमांकावरून, म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या खातेक्रमांकावरून, येतं-जातं. तो क्रमांक स्वतःच्या नावावर नसला की प्रत्येक अर्जात दुसऱ्याचा लिहावा लागतो. उद्या तुम्हाला काम मिळालं, आणि हिशेबाचा सहा वर्षांचा अनुभव असलेल्या बाईला ते मिळू शकतं, तर पहिल्याच दिवशी आयबान विचारतील. अर्ज केल्यापासून कार्ड चालू होईपर्यंत दोन-तीन आठवडे सहज जातात. म्हणून ही गरज पडण्याआधी करून ठेवायची गोष्ट आहे.

'पैसा नवऱ्याचा' असं पत्रात कुठे थेट लिहिलेलं नाही, पण ओळीओळीत ते जाणवतं. त्यामुळे दोन गोष्टी सांगायला हव्यात. जर्मन दिवाणी संहितेच्या कलम १३६० नुसार नवरा-बायकोपैकी एकाकडे घर सांभाळणं सोपवलेलं असेल, तर ते घर चालवणं हेच त्या व्यक्तीचं कुटुंबाच्या निर्वाहातलं योगदान धरलं जातं. दुसरी गोष्ट कराची. तुमच्या नवऱ्याने लग्नानंतरचा तिसरा करवर्ग घेतला असेल, तर एकट्या माणसाच्या पहिल्या वर्गापेक्षा त्यांच्या हातात दरमहा बराच जास्त पगार पडतो. तो फरक तुमच्यामुळे आहे, कारण दोघांचं उत्पन्न एकत्र धरून कर बसतो आणि तुमचं शून्य असल्याने एकूण कर उतरतो. तुम्ही हिशेबनीस आहात, पगारपत्रकावरचा 'स्टॉयरक्लासे', म्हणजे करवर्ग, हा रकाना पाहिलात की लगेच कळेल. यातलं काहीही भांडणात फेकायला सांगत नाही. पण बोलायला बसाल तेव्हा मनात तरी 'मागतेय' ही भावना नको.

आता 'पगार नाही तर खातं नाही' याबद्दल. हे खरं नाही, पण त्या शाखेतला माणूस खोटंही बोलला नसावा. नेहमीचं चालू खातं, ज्याला तिथे गिरोकोंटो म्हणतात, ते कोणाला द्यायचं हे बँक स्वतः ठरवू शकते आणि काही शाखा पगाराशिवाय नकोच म्हणतात. मात्र २०१६ च्या जूनपासून तिथे असा कायदा लागू आहे की युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला 'बाझिसकोंटो', म्हणजे पायाभूत खातं, मागण्याचा हक्क आहे. उत्पन्न नाही हे कारण त्याला चालत नाही. सर्वसामान्य ग्राहकांना खाती देणाऱ्या बँकेने ठरलेला अर्ज फुकट द्यायचा, पूर्ण भरलेला अर्ज मिळाल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत निर्णय घ्यायचा, आणि नकार असेल तर तो कारणासहित लेखी द्यायचा. लेखी नकार हातात आला की बाफिन या वित्तीय देखरेख संस्थेकडे ठरलेल्या अर्जाने दाद मागता येते. तुम्हाला त्या दिवशी तोंडी नकार मिळाला, कारण तुम्ही 'खातं हवंय' म्हणालात. 'बाझिसकोंटोचा अर्ज द्या' असं म्हटलं असतं तर समोरच्याला फॉर्म काढावा लागला असता.

तरीही पहिल्याच फटक्यात बाझिसकोंटोच्या मागे लागू नका. त्यात कार्ड, पैसे पाठवणं, ऑनलाइन व्यवहार सगळं असतं, पण फी बऱ्याचदा नेहमीच्या खात्यापेक्षा जास्त पडते. ही फी वाजवी असली पाहिजे असं कायदा सांगतो. २०२० मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एका मोठ्या बँकेची दरमहा ८.९९ युरोंची फी याच मुद्द्यावर अवाजवी ठरवली होती. आधी साध्या ऑनलाइन खात्याचा अर्ज करून बघा, नाही जमलं तर बाझिसकोंटो आहेच.

फीची नवऱ्याची काळजी रास्त आहे, पण तिच्यावर उपाय निघतो. अनेक बँका दरमहा ठरावीक रक्कम जमा झाली की फी घेत नाहीत. ही रक्कम बहुधा ७०० किंवा १,००० युरो असते. इथे अटीतला एक शब्द नीट वाचा. 'गेल्डआइनगांग' लिहिलं असेल तर साधारणपणे कुठूनही आलेली जमा चालते, नवऱ्याच्या खात्यातून आलेलीसुद्धा. 'गेहाल्ट्सआइनगांग' असेल तर पगारच लागतो. एका शब्दाच्या फरकाने वर्षाला पन्नास-शंभर युरो वाचतात किंवा जातात. बाफिनने २०२५ पासून खात्यांच्या तुलनेचं मोफत संकेतस्थळ सुरू केलं आहे, तिथे फी आणि अटी शेजारीशेजारी दिसतात. तुलना करताना 'गिरोकार्ड', म्हणजे जर्मन बँकांचं देशी डेबिट कार्ड, मिळतं का हेही पाहा. ऑनलाइन बँका आता नुसतं व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट कार्ड देतात आणि गिरोकार्डाचे दरमहा एक ते अडीच युरो वेगळे लावतात. लहान गावातल्या बेकरीत, कसायाकडे किंवा सरकारी कचेरीच्या खिडकीवर कधीकधी फक्त गिरोकार्ड नाहीतर रोख चालते. लोक त्याला अजूनही जुन्या सवयीने 'ईसी-कार्टं' म्हणतात. तुम्ही गावात राहता, म्हणून माझं मत विचाराल तर ते घ्याच.

कागद फार नाहीत. पासपोर्ट, निवास परवान्याचं कार्ड, पत्त्याच्या नोंदणीचा दाखला आणि अकरा आकडी कर क्रमांक, म्हणजे स्टॉयर-आयडी. हा क्रमांक नोंदणीनंतर टपालाने आलेला असतो. ते पत्र पहिल्या महिन्याच्या गोंधळात हरवतं हे नेहमीचं. नवऱ्यासोबतच्या एकत्रित कराच्या कागदांवर तुमचाही क्रमांक सापडेल. नाहीच मिळाला तर पुन्हा मागवता येतो, पण तो टपालानेच येतो आणि काही आठवडे लागू शकतात, तेव्हा आजच शोधा.

अर्जात व्यवसायाच्या रकान्यात 'हाउसफ्राउ', म्हणजे गृहिणी, हे निवडा. उत्पन्न शून्य असेल तर शून्यच लिहा. लाजेपोटी खोटा आकडा टाकू नका, कारण अर्ज तपासताना तो अडचणीत आणतो आणि खरा आकडा तुमच्या विरोधात जातोच असं नाही. 'डिस्पो' म्हणजे खात्यात नसलेले पैसे काढायची सवलत. त्या चौकटीत खूण करू नका. बिनपगारी अर्जदाराने उधारी मागितली की तोच अर्ज आपोआप नाकारला जाण्याचा धोका वाढतो. शिवाय डिस्पोचं व्याज बहुधा वर्षाला दहा टक्क्यांच्या वर असतं. शुफा या पतनोंदणी संस्थेकडे तुमच्या नावाचं पान कोरं असेल, त्याला घाबरू नका. कोरं पान आणि डागाळलेलं पान यांत फरक आहे. उलट, स्वतःचं खातं हीच त्या पानावरची पहिली चांगली नोंद ठरते. नवऱ्याची पत कितीही चांगली असली तरी ती तुमच्या पानावर उतरत नाही.

नावाच्या बाबतीत आपल्या लोकांची हमखास चूक होते. आपल्याकडे स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. अनेकांच्या पासपोर्टवर पहिली दोन्ही नावं 'नाव' या एकाच रकान्यात असतात. अर्जात ती दोन्ही तशीच, त्याच क्रमाने लिहा. आधी माहेरचं आडनाव असेल आणि पासपोर्ट बदललेला नसेल, तर पासपोर्टवरचंच लिहा, घरात कुठल्याही नावाने हाक मारत असले तरी. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांत पैसे पाठवण्याआधी बँक नाव आणि आयबान जुळतात का हे तपासून दाखवते. नाव अर्धवट असेल तर पाठवणाऱ्याला इशारा दिसतो आणि तो थबकतो.

ओळख पटवण्याच्या पायरीवर बरेच अर्ज अडकतात. व्हिडिओवर ओळख पटवताना भारतीय पासपोर्ट अनेकदा स्वीकारला जात नाही. तिथे वेळ घालवू नका, 'पोस्टआयडेंट' निवडा. बँक एक कूपन देते. ते, पासपोर्ट आणि निवास कार्ड घेऊन टपाल कार्यालयाच्या काउंटरवर जायचं, दहा मिनिटांचं काम. किराणा दुकानातल्या छोट्या टपाल खिडकीवरही ते बहुधा होतं. निवास कार्डाची ऑनलाइन ओळख सुविधा चालू केलेली असेल तर मोबाईलवरूनही होतं, त्यासाठी सहा आकडी पिन लागतो. बँकेचं अॅप तुमच्याच मोबाईलवर, तुमच्याच जर्मन नंबरवर घ्या. नवऱ्याच्या फोनवर घेतलंत तर गाडी पुन्हा त्याच फाट्यावर येईल.

आता घरातलं बोलणं. सुरुवात अविश्वासावरून नको, पिनवरून करा. सध्या तुम्ही त्यांचं कार्ड त्यांच्या पिनने वापरता. बँकेच्या नियमांप्रमाणे पिन घरच्यांनाही द्यायचा नसतो. उद्या पर्स चोरीला गेली आणि कोणी पैसे काढले, तर बँक 'घोर निष्काळजीपणा' म्हणून भरपाई नाकारू शकते. नुकसान त्यांचंच. (कार्ड हरवलं तर जर्मनीत ११६ ११६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बंद करता येतं, हा क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये हवा.) म्हणून असं म्हणून पाहा : 'घरखर्चाची रक्कम आपण दोघं बसून ठरवू. ती दर महिन्याला पगाराच्या दुसऱ्या दिवशी माझ्या खात्यात आपोआप यावी. किराणा, मुलाचं, औषधं मी त्यातून बघते. महिनाअखेरीला एकदा हिशेब मांडू.' आपोआप जाणाऱ्या या रकमेला तिथे 'डाउअरआउफट्राग' म्हणतात, अॅपमध्ये दोन मिनिटांत लागतो. रक्कम ७०० किंवा १,००० च्या वर ठेवलीत तर फीचा प्रश्नही मिटतो. ४२ युरोंचा रोजचा प्रश्न बहुतेक वेळा सूचनेच्या आवाजातून जन्मतो. तो आवाज तुमच्या फोनवर आला की बराचसा संपेल.

सासूबाईंचं 'घर एक, खातं एक' पूर्ण चुकीचं नाही. संयुक्त खातंही चांगली सोय आहे, फक्त क्रम सांभाळा. बाझिसकोंटो मागणाऱ्याचं जर्मनीत आधीच वापरात असलेलं खातं असेल, तर बँक त्या कारणाने नकार देऊ शकते. म्हणून आधी स्वतःचं, मग संयुक्त. संयुक्त खात्यात 'ओडर' प्रकार असेल तर कोणीही एकटा पैसे काढू शकतो, 'उंड' असेल तर दोघांच्या सह्या लागतात. घरासाठी ओडरच सोयीचं. मात्र त्यात उणे झालेली पूर्ण रक्कम बँक दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करू शकते, खर्च कोणीही केलेला असो. आणि कोणी 'तुला फोलमाख्ट देतो, तेच झालं' म्हणालं तर फरक लक्षात ठेवा. फोलमाख्ट म्हणजे त्यांच्या खात्यावर व्यवहार करण्याची मुखत्यारी. खातं त्यांचंच राहतं आणि परवानगी कधीही काढून घेता येते. अडीअडचणीला, विशेषतः 'मृत्यूनंतरही लागू' अशी लिहिलेली, फोलमाख्ट एकमेकांना जरूर द्या. पण ती स्वतःच्या खात्याची जागा घेत नाही.

खातं उघडण्याची वाट न बघता एक अर्ज मात्र लगेच तपासा : किंडरगेल्ड, म्हणजे मुलाचा भत्ता. २०२६ पासून हा भत्ता दर मुलामागे महिन्याला २५९ युरो आहे आणि ब्लू कार्डच्या कुटुंबाला तो मिळतो. फामिलियेनकासे या भत्ता देणाऱ्या सरकारी कचेरीकडे अर्ज केल्यावर मागची रक्कम जास्तीत जास्त सहा महिन्यांची मिळते. तुम्हाला येऊन आठ महिने झाले. अर्ज राहिला असेल तर दोन महिन्यांचे पैसे गेलेच, आणि यापुढे दर महिन्याला आणखी एक जाईल. आत्ता नवऱ्याचा आयबान द्या, नंतर बदलता येतो. आई-वडिलांपैकी कोणाला द्यायचा हे दोघांच्या संमतीने ठरतं, तो तुमच्या नावावर घेणं अगदी सरळ आहे.

सांगलीच्या पैशांबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण तिथेही काम आहे. परदेशात राहायला गेलेल्या माणसाचं साधं बचत खातं तसंच चालू ठेवणं विदेशी चलन कायद्याला धरून नाही. बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागतं. आई दुसऱ्या नावाने राहू शकते, पण व्यवहाराचा हक्क आधी तुमचा आणि तुमच्यानंतर त्यांचा, अशा पद्धतीने. आई सध्या त्या खात्यातून काही काढत असतील तर बदलाआधी त्यांच्याशी बोला, नाहीतर एक दिवस बँकेत त्यांना 'सही चालत नाही' ऐकावं लागेल. एनआरओच्या व्याजावर बँक ३०% आणि त्यावर उपकर मिळून ३१.२% कर कापते. भारत आणि जर्मनीतल्या करारामुळे तो १०% वर येऊ शकतो. त्यासाठी जर्मन कर कार्यालयाकडून रहिवासाचा दाखला घेऊन बँकेला द्यायचा, पॅन जोडलेलं हवं. हे व्याज जर्मनीतल्या विवरणपत्रातही दाखवायचं असतं. जोडप्याला वर्षाला २,००० युरोंपर्यंतचं भांडवली उत्पन्न तिथे माफ आहे, त्यामुळे साडेचार लाखांच्या व्याजाची धास्ती नको, पण लपवायचं नाही. आणि ते पैसे तुमच्या नव्या जर्मन खात्यात आणायचे असतील तर एनआरओतून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात, तुमची रक्कम त्याच्या जवळपासही नाही. ओटीपी भारतीय सिमवर येत असेल तर ते सिम बंद पडू देऊ नका.

अशा इतर वाचकांसाठी, जे घरबसल्या काम शोधतायत, त्यांना काकुळतीने सांगावंसं वाटतं. 'बँकेच्या अॅपची चाचणी करा, एक खातं उघडा, ओळख पटवा, पन्नास युरो मिळतील' अशी कामं दिसतात. ते खातं खरंच उघडतं, तुमच्या नावाने, आणि किल्ल्या दुसऱ्याकडे असतात. त्यातून फसवणुकीचा पैसा फिरला की पोलिसांचं पत्र तुमच्या पत्त्यावर येतं. 'इथे युरो दे, तिकडे रुपये घे' म्हणत कोणाला आपलं खातं वापरू देणंही तसंच. ओळखीचा असला तरी नाही.

तुमच्या घरात तसं काही दिसत नाही, पण कोणाच्या घरी नवरा पासपोर्ट किंवा निवास कार्ड काढून घेत असेल, किराण्यापुरतेही पैसे देत नसेल, खात्याचं नाव काढल्यावर धमकी देत असेल, तर प्रश्न बँकेचा राहत नाही. जर्मनीत ११६ ०१६ हा स्त्रियांसाठीचा मदतक्रमांक चोवीस तास, फुकट आणि इंग्रजीतही चालतो. नाव सांगावं लागत नाही.

अर्ज मंजूर झाल्यावर बँक कार्ड, पिन आणि अॅप चालू करायचं पत्र वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पाकिटांत पाठवते. तिथला पोस्टमन घरक्रमांकाच्या जोडीला पत्रपेटीवरचं नाव बघतो. नाव नसेल तर पाकीट परत जातं, आणि बँकेला वाटतं की पत्ताच खोटा. अनेक घरांत पेटीवर फक्त नवऱ्याचं आडनाव असतं. तुमचं पासपोर्टवरचं आडनाव वेगळं असेल तर अर्ज भरायच्या आधी, आज संध्याकाळीच, खाली जाऊन त्या पट्टीवर तुमचंही नाव लावून या.